चवडा उचलत नाही तेव्हा

मंडळी, आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक. तेव्हा आज पावलाविषयी बोलणार आहोत ते कामगाराच्या बाजूने.

चालताना चवडा उचलत नाही, चप्पल निसटते, पायरीला अंगठा ठेचकाळतो. या लक्षणाला डॉक्टर ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. आपण लुळे पाऊल म्हणू. पुष्कळदा दोष कमरेच्या मणक्यात असतो. हे ठाऊक असल्यामुळेच कंबर तपासली की शोध थांबतो, आणि आमची तक्रार तेथेच आहे.

चवडा उचलणारा मज्जातंतू गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगास, बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून जातो. बोट लावून पाहा; तेथे कातडीखेरीज त्याला फारसे पांघरूण नाही. तासन् तास उकिडवे बसून निंदणी करणाऱ्या बाईचा किंवा फरशी बसवणाऱ्या गड्याचा तो तेथे दाबला जातो. दुखण्यात वा उपासतापासात झपाट्याने वजन उतरले, तर चरबीची ती पातळ गादीही जाते आणि पायावर पाय टाकून बसणेसुद्धा बाधते. कधी आवळ प्लास्टर हेच करते. दाब वेळीच काढला, तर बहुतेकांचे पाऊल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. कुष्ठरोगातही हाच मज्जातंतू सुजतो. औषधाने रोग बरा होतो, पण लाजेपायी वर्ष दवडले तर पाऊल परत येईलच असे नाही.

आता विषाकडे वळू. १९३० साली, दारूबंदीच्या अमेरिकेत, नशेसाठी विकल्या जाणाऱ्या आल्याच्या अर्कात एक फॉस्फेट रसायन मिसळले गेले; हजारोंचे पाय लुळे पडले. १९५९ साली मोरोक्कोत मेकनेसच्या बाजारात विमानाच्या इंजिनाचे तेल खाद्यतेलात मिसळून विकले. सुमारे दहा हजार माणसे पांगळी झाली. १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागात त्याच जातीच्या रसायनाने भेसळलेले तेल गरिबांच्या कढईत गेले. स्वस्त तेल घेणारा कोण, हे आम्ही सांगायला नको. चपला चिकटवण्याच्या सोल्युशनमधले हेक्झेनही तसेच. बंद खोलीत त्याची वाफ हुंगून जपानात चपला करणाऱ्यांचे हातपाय गेले, ते १९६० नंतरच्या दशकात.

रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवले, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आमच्या माणसांच्या केसपेपरावर धंद्याच्या रकान्यात ‘मजूर’ एवढेच असते. कसली मजुरी, कसे बसून, कशाच्या वासात, हे रोग्याने न विचारता सांगावे. आणि संघाचा माणूस सोबत असेल तर त्याने ते लिहवून घ्यावे.