तेरड्याला ओळखायचे कसे?

गौरीच्या दिवसांत घरी येणारा तेरडा आपल्या ओळखीचा. पण पावसाळ्यात सह्याद्रीच्या कातळांवर त्याचे इतके भाऊबंद फुलतात, की अनुभवी अभ्यासकही थबकतो. तेरड्याच्या इम्पेशन्स या प्रजातीत जगभर हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्याकडच्या बहुतेक वर्षायू, म्हणजे एका पावसाळ्यात जगून बी टाकून संपणाऱ्या.

प्रजाती ओळखणे सोपे. पिकलेल्या बोंडाला बोट लावताच ते फुटते, त्याच्या कडा गुंडाळतात आणि बिया दूर उडतात. खरी कसोटी जात ठरवताना लागते. रंगावर मुळीच विसंबू नये. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, बोंड लवदार की गुळगुळीत, हे आधी पाहावे. मग फूल बाजूने न्याहाळावे. खालचे निदल मागे लांबून पोकळ नळी होते, तिलाच शुंडिका म्हणतात. तिच्या तळाशी मध असतो. ती किती लांब, किती वाकडी, यावर बरेच ठरते. पाकळ्या असतात पाच, पण बाजूच्या चार जोडीजोडीने चिकटल्याने तीनच भासतात.

ही नाजूक फुले वाळवून दाबली की आकार हरवतात. म्हणून जोसेफ डाल्टन हुकर यांच्यासारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञालाही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, 1911 पर्यंत, याच प्रजातीने झुंजवले.

तेव्हा फूल तोडू नका. समोरून, बाजूने, पानांसह आणि बोंडासह छायाचित्रे घ्या. अभ्यासकाला तीच अधिक उपयोगी पडतील.