गाडीमागची नाव: लांबी ठरवताना

गाडीला ट्रेलर जोडून एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नेता येणारी, शिडावर चालणारी आणि आत दोघातिघांना पाठ टेकता येईल एवढी खोली असलेली नाव साधारण 15 ते 26 फूट लांबीची असते. अमेरिका आणि युरोपात अशा नावा घराच्या अंगणात उभ्या असतात. खानदेशाला समुद्र नाही, पण पाणी आहे. तापीवर हतनूर धरण आहे आणि त्याचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पोचतो. याशिवाय गिरणा आणि वाघूर ही धरणे आहेत. उकाई धरणाचे पाणी नवापूर तालुक्यात शिरते. अशा पाण्यांसाठी नाव निवडताना पहिला प्रश्न लांबीचाच येतो, आणि त्याचे उत्तर पाण्यापेक्षा रस्ता आणि काठ जास्त ठरवतात.

लांबीने काय मिळते? आधी वेग. इंग्लंडमधील टॉर्की येथे 1872 मध्ये विल्यम फ्रूड यांनी लांबलचक हौदातून नावांच्या प्रतिकृती ओढून लाटांचा अभ्यास केला. पुढे जाताना नाव स्वतःच एक लाट उठवते, आणि त्या लाटेची लांबी नावेच्या लांबीएवढी झाली की नाव आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. जड बुडाच्या नावेला त्यापुढे वेग वाढवणे फार महागात पडते. ही मर्यादा काढायला सोपे गणित आहे. पाण्यावरच्या लांबीचे मीटरमधले वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला साडेचारने गुणायचे. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये मिळते. पाच मीटरच्या नावेला सुमारे 10, सात मीटरच्या नावेला सुमारे 12. सायकलस्वारही यांना मागे टाकेल. म्हणजे लांबी 40 टक्के वाढवून वेग जेमतेम 18 टक्के वाढला.

वजनाचा हिशेब मात्र वर्गमुळाचा नाही, घनाचा असतो. त्याच आकाराची नाव 1.4 पट लांब केली, तर वजन पावणेतीन पट होते. प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो. 'वेस्ट वाइट पॉटर' ही 15 फुटी नाव रिकामी असताना सव्वादोनशे किलोच्या आत भरते. 'कॅटलिना 22' सुमारे अकराशे किलोची. यातला मोठा वाटा ओतीव लोखंडाच्या कीलचा, म्हणजे नावेच्या बुडाखाली लोंबणाऱ्या जड पात्याचा. वाऱ्याने नाव कलली की तेच तिला सरळ करते.

वजनाचा मोबदला स्थैर्यात मिळतो. शिडावरच्या वाऱ्याचा कलवणारा जोर लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतो, तर नावेची सावरण्याची ताकद चौथ्या घाताने. त्यामुळे मोठी नाव मुळातच शांत असते. छोट्या नावेत माणसांनाच वाऱ्याच्या बाजूला सरकून बसावे लागते. तिथे माणूस हेच वजन.

आता रस्ता. भारतीय नियमांनुसार वाहनाची रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यामुळे अशा नावांची रुंदी आणि पर्यायाने लांबी साधारण 26 फुटांवर थांबते. 22 फुटी नाव, ट्रेलर, इंजिन आणि सामान मिळून दीड टनाच्या आसपास जाते, म्हणजे ओढणाऱ्या जीपच्या स्वतःच्या वजनाला भिडते. समुद्रावर न्यायचे म्हटले तर धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट उतरावा लागतो. तिथे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर मागचे वजन पुढच्या गाडीला ढकलते. एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग हुकावर ठेवला नाही, तर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. काही 26 फुटी नावांत यावर शहाणा तोडगा असतो: बुडातली टाकी पाण्यात उतरल्यावर भरायची आणि बाहेर काढताना रिकामी करायची. पाण्याचे वजन रस्त्यावर ओढावे लागत नाही.

खानदेशात सर्वात अवघड जागा म्हणजे काठ. सिमेंटचा उतार क्वचितच असतो. असतो तो काळ्या मातीचा सपाट, पसरट काठ, आणि पाणी दर महिन्याला मागे सरकते. 22 फुटी नाव कील वर घेऊनही सुमारे 60 सेंटिमीटर बुडते. ट्रेलरची उंची धरली, तर तिला तरंगायला एक मीटर पाणी हवे. चाळीसास एक अशा उतारावर त्यासाठी ट्रेलर 40 मीटर आत न्यावा लागेल. भिजलेल्या काळ्या मातीत हे करून पाहणाऱ्याला ट्रॅक्टर बोलवावाच लागतो. 15 फुटी नावेला अर्धा मीटर पुरतो, आणि ती रुतली तर चार जण तिला उचलून ढकलू शकतात. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. पुरात अशी दले हवा भरायच्या रबरी नावा वापरतात, त्यामागचे एक कारण हेच: काठ कसा असेल हे आधी कुणालाच ठाऊक नसते.

ऋतूंचाही मेळ बसत नाही. पश्चिमेचा जोरदार वारा मे ते सप्टेंबर वाहतो; साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या त्याच्याच भरवशावर उभ्या आहेत. पण मे महिन्यात पाणी आटलेले असते आणि नावेच्या खोलीची भट्टी होते. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडतात, तेव्हा तिथे नाव नेणे हा वेडेपणाच. धरणे भरलेली आणि हवा सुखाची असते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तेव्हा वारा मंद असतो. मंद वाऱ्यात जड नाव जागची हलत नाही, हलकी नाव सरकत राहते.

एकट्यादुकट्याने सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला 15 फूट पुरे. दोघांना रात्र काढायची असेल तर 17 ते 19 फूट, पाते पूर्ण वर घेता येणारे आणि मागे छोटे इंजिन. खानदेशासाठी हीच योग्य लांबी. 22 फुटांची नाव कोकणात किंवा खंबातच्या आखाताकडे वरचेवर जाणाऱ्यानेच घ्यावी. लांबी कितीही असो, धरणात नाव उतरवण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी, आणि इंजिन बसवले असेल तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची नोंदणीही पाहून घ्यावी.