शिकविणारा घोडा

घोड्यावर बसण्याची विद्या माणूस माणसापाशी शिकतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. युरोपात जिला अभिजात अश्वारोहण म्हणतात, त्या विद्येत रिंगणाच्या मध्ये उभा राहून सूचना देणारा माणूस हा दुय्यम गुरू होय. मुख्य गुरू शिष्याच्या मांडीखाली असतो. घोड्याला शिकविणाऱ्या माणसासाठी मराठीत 'चाबूकस्वार' असा खणखणीत शब्द आहे. परंतु स्वाराला शिकविणाऱ्या घोड्यासाठी तसा शब्द आम्हांस आढळला नाही. म्हणून येथे त्याला सरळ 'शिक्षक घोडा' म्हणू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिकलेला घोडा म्हणजे बसायला सोपा घोडा, असे ऐकणाऱ्यास वाटते. माथेरानला आपण ज्या तट्टावर बसतो ते खरोखरच सोपे असते. त्याला वाट पाठ असते, कोठे थांबायचे ते ठाऊक असते, आणि पाठीवरचा माणूस त्याच्या लेखी एक गाठोडे असतो. आपण डावीकडे कललो काय, उजवीकडे कललो काय, ते आपल्या चालीने चालते. शिक्षक घोडा याच्या अगदी उलट. तो विचारल्याखेरीज काही करीत नाही, आणि विचारले की तेवढेच करतो. आता अडचण अशी की, नवशिक्या स्वाराला आपण काय विचारीत आहो हेच कळत नसते. त्याचे वजन नकळत उजव्या बैठकीवर गेलेले असते; घोडा उजवीकडे सरकू लागतो. तो भिऊन पुढे वाकतो आणि टाचा आवळतो. घोडा दुडकी धरतो. मग तो लगाम ओढतो आणि टाचाही तशाच आवळून ठेवतो, म्हणजे एकाच दमात 'चल' आणि 'थांब' म्हणतो. घोडा बिचारा जागच्या जागी नाचू लागतो. स्वार खाली उतरून तक्रार करतो की, घोडा ऐकत नाही. वस्तुतः घोड्याने शब्दन् शब्द ऐकलेला असतो.

अनेक वर्षे रपेट केलेल्या माणसाची येथे फार पंचाईत होते. कच्चा घोडा स्वाराच्या चुका पोटात घालतो, कारण त्याला बरोबर खूणही कळत नाही आणि चुकीचीही कळत नाही. शिक्षक घोडा पोटात काहीच घालीत नाही. आरशापुढे उभे राहण्याची तयारी नसेल त्याने या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? या विद्येचा गाभा डोळ्यांना दिसत नाही, शब्दांतही फारसा मावत नाही. तो कमरेला आणि पाठीला कळावा लागतो. घोड्याने मागचे पाय पोटाखाली घेतले, पाठ उचलली आणि भार मागच्या अंगावर तोलला की, खोगिराखाली जी लवचिक उसळी जाणवते ती एकदा अनुभवली पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती नाहीशी झाली तर स्वाराला उणीव भासते, आणि तो तिचा शोध घेऊ लागतो. ज्याने ती कधी अनुभवलीच नाही, तो कशाचा शोध घेणार? फ्रान्समधील ला गेरिनिएर यांचा अश्वविद्येवरील ग्रंथ 1733 साली पूर्ण स्वरूपात निघाला. आजही त्याला प्रमाण मानतात. पण तो वाचून ही उसळी कळली असे म्हणणारा स्वार आम्हांला तरी भेटलेला नाही.

या पद्धतीचे सर्वांत जुने आणि चालते घर व्हिएन्ना येथे आहे. त्याला स्पॅनिश अश्वारोहण शाळा म्हणतात, कारण तिचे मूळ घोडे स्पेनमधून आणलेले होते. तिचे दाखले 1565 पासून मिळतात. आजचे पांढरेशुभ्र दालन सम्राट सहाव्या चार्ल्सच्या आज्ञेने 1735 साली बांधून पुरे झाले. लांबी सुमारे 55 मीटर, रुंदी 18 मीटर. जाता जाता सांगायचे तर, आत शिरणारा प्रत्येक स्वार समोरच्या भिंतीवरील त्या सम्राटाच्या तसबिरीला टोपी काढून मुजरा करतो. राज्य गेले, मुजरा राहिला. घोडे लिपिझानर जातीचे, सगळे नर. जन्मतः काळसर असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, त्यामुळे येथे पांढरा रंग हीच ज्येष्ठतेची खूण.

नवा विद्यार्थी आला की त्याला ज्येष्ठ, पूर्ण शिकलेला घोडा मिळतो, पण लगाम मिळत नाही. रिकिबीही काढून घेतात. घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवितात आणि विद्यार्थी नुसता बसतो. आपल्या जुन्या मराठीत या गोल फिरविण्याला 'कावा देणे' म्हणत. हे काही आठवड्यांचे काम नव्हे. महिनोन् महिने चालते, कित्येकांचे त्याहूनही लांबते. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येऊन मांड पक्की होईपर्यंत लगाम हाती येत नाही. यात शिष्याची शिस्त आहेच, पण त्याहून मोठा विचार घोड्याच्या तोंडाचा आहे. ज्याची मांड डळमळते तो तोल सावरायला लगामाला लोंबकळतो, आणि कडियाळ्याचा प्रत्येक हिसका घोड्याच्या जबड्याला बसतो. सहा-सात वर्षे खपून हलक्या खुणेला उत्तर देणारे केलेले ते तोंड अशा हातांनी हां हां म्हणता बधिर होते. शिक्षक घोडा अक्षय्य पात्र नव्हे. त्याच्यावर सतत नवशिके बसविले तर तो चुकीच्या खुणांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, म्हणजे पुन्हा माथेरानचे तट्टू होतो. म्हणून शहाणा गुरू त्याच्यावर मधूनमधून स्वतः बसतो आणि त्याचे कान उघडे ठेवतो.

पुढे या विद्यार्थ्याच्या हाती एक कोवळा घोडा दिला जातो. म्हाताऱ्या घोड्याने जे याच्या अंगी उतरविले, ते यानेच आता त्या कोवळ्या घोड्याच्या अंगी उतरवावयाचे. तो घोडा प्रौढ झाला की पुढच्या विद्यार्थ्याला शिकवील. शाळेतील बहुतेक सर्व ज्ञान असे तोंडी, किंबहुना पाठीवरून पाठीवर आले आहे. 1898 मध्ये होल्बाइन यांनी ते थोडक्यात लिहून ठेवले, पण ते टिपण आधीच जाणणाऱ्यालाच उपयोगी.

ही साखळी एकदा तुटायच्या बेतास आली होती. 1945 च्या मार्चमध्ये व्हिएन्नावर बाँब पडत असता शाळेचे प्रमुख आलोइस पोदहायस्की यांनी घोडे उत्तर ऑस्ट्रियात सांक्ट मार्टिन येथे हलविले. पैदाशीच्या घोड्या तर दूर, चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीत होत्या. 7 मे 1945 रोजी त्यांनी अमेरिकन सेनापती पॅटन यांच्यापुढे घोड्यांचे काम करून दाखविले आणि संरक्षण मागितले. ते मिळाले. घोड्याही परत आल्या. शाळा व्हिएन्नास परतली ती मात्र 1955 मध्ये. त्या धामधुमीत प्रौढ घोडे मेले असते, तर पैदाशीच्या घोड्यांपासून नवी शिंगरे झाली असती, पण त्यांना शिकवू शकणारे नवे स्वार कोणाच्या पाठीवर तयार झाले असते? आणि नुसते घोडे वाचून स्वार गेले असते, तरी शिकलेल्या घोड्यांची विद्या त्यांच्याबरोबरच संपली असती. पोदहायस्की 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविलेले स्वार होते. तरी त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच घोड्यांना आपले शिक्षक म्हटले आहे.

2008 साली त्या शाळेत प्रथमच मुलींना प्रवेश मिळाला. इतक्या शतकांचा दंडक मोडला, पण शिकविण्याची रीत बदलली नाही: त्यांनाही लगाम-रिकिबीविना दोरीवरच्या घोड्यावर बसविण्यात आले.