हातघाईची विद्या : आखाडा, प्रदर्शन आणि पलटण

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोईसरच्या पश्चिमेस, नवापूर हे गाव वसलेले आहे. त्याच्या उत्तरेस तारापूरचा किल्ला आणि दक्षिणेस शिरगाव, माहीम व केळवे येथील कोट आहेत. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत ही सारी किनारपट्टी १७३९ च्या आरंभी पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आली. ह्यांपैकी तारापूरचा किल्ला सहजासहजी मिळाला नाही. तटाखाली सुरुंग भरून भिंत पाडावी लागली, आणि त्या खिंडारातून व शिड्यांवरून सैन्य आत घुसल्यानंतरही शिबंदीने शस्त्र ठेवले नाही. बाजी भिवराव रेठरेकर ह्यांच्यासारखा नामांकित सरदार येथे कामी आला. गडवाल्यांच्या शौर्याची कबुली खुद्द चिमाजी आप्पांच्या पत्रात आढळते. तोफा व बंदुका यांचे काम संपल्यावर माणसाने माणसाशी प्रत्यक्ष झुंजावयाचे, अशा ह्या अवस्थेला मराठीत ‘हातघाई’ हा नेमका शब्द आहे. आज ‘हातघाईवर येणे’ हा वाक्प्रचार गल्लीतील भांडणालाही लावला जात असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला अर्थ रणांगणावरचाच आहे.

हातघाईचे शिक्षण सैनिकाला कसे द्यावे, हा प्रश्न तारापूरच्या वेळी जितका खरा होता तितकाच तो आजच्या निवडक पलटणींपुढेही आहे. त्याचे उत्तर शोधताना बहुधा शस्त्रांची आणि डावांची यादी दिली जाते. कोणत्या देशाची कोणती विद्या श्रेष्ठ, असा वाद घातला जातो. वस्तुतः ह्या शिक्षणाचा कस डावांच्या संख्येवर अवलंबून नाही. शिकणाऱ्याच्या समोर स्वतःच्या मर्जीने विरोध करणारा प्रतिपक्षी उभा होता किंवा नाही, ह्यावर तो अवलंबून आहे. मराठी मुलखातील युद्धकलांचा इतिहास ह्या विधानाची परीक्षा घेण्यास विशेष उपयुक्त ठरतो.

प्रथम अंतराचा विचार केला पाहिजे. हातघाई ही एकजिनसी गोष्ट नाही. शस्त्राच्या टोकाने प्रतिपक्ष्यास दूर ठेवता येते ते एक अंतर, आणि अंगाला अंग भिडल्यावर उरते ते दुसरे. ‘दांडपट्टा’ हे पहिल्या अंतराचे शस्त्र होय. पट्ट्याचे पाते लांब, सरळ, दुधारी व लवचिक असते. मूठ हाताच्या पंजाला व कोपराखालील भागाला झाकणाऱ्या लोखंडी खोबळ्यात बसविलेली असते. ह्या खोबळ्यामुळे मनगट जखडले जाते. तलवारीचा हात मनगटातून वळतो. पट्ट्याचा हात कोपर, खांदा आणि कंबर यांतून फिरवावा लागतो. म्हणून पट्टेकरी सबंध शरीराने वळतो, पवित्रे बदलतो व आपल्याभोवती मोकळे वर्तुळ राखतो. अनेकांना एकाच वेळी रोखण्यास हे शस्त्र उत्तम. मात्र त्यास मोकळी जागा हवी. तटातील अरुंद खिंडारात, जेथे पुढे शत्रू आणि मागे आपलीच माणसे रेटत असतात, तेथे त्याचा उपयोग मर्यादित होणार हे उघड आहे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घडलेल्या प्रसंगात ही दोन अंतरे एकत्र पाहावयास मिळतात. परंपरागत वृत्तान्तानुसार अफझलखानाने मिठी मारून शिवाजी महाराजांची मान दाबली, तेव्हा कामास आली ती मुठीत मावणारी वाघनखे व बिचवा ही हत्यारे. आणि त्यानंतर महाराजांवर धावून आलेल्या सय्यद बंडाचा हात जिवा महालाने कलम केला तो पट्ट्याने. एकाच शामियान्यात, काही क्षणांच्या अंतराने, दोन भिन्न विद्या लागल्या. पहिल्या प्रसंगात पट्टा निरुपयोगी ठरला असता आणि दुसऱ्यात वाघनखे अपुरी पडली असती.

अंगाला अंग भिडल्यावरची विद्या मराठी समाजाने मुख्यतः आखाड्यात जोपासली. जोर व बैठका यांनी मल्लाचे शरीर तयार होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याची खरी तयारी होते ती हौदातील तांबड्या मातीत, जोडीदाराबरोबर. ‘खडाखडी’त दोन्ही मल्ल एकमेकांची मान, मनगट व दंड चाचपतात, पकड घेतात आणि सोडवितात. पट काढणे, ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव वस्ताद तोंडाने सांगू शकतो. परंतु समोरचा केव्हा भार कोणत्या पायावर टाकील हे तो सांगू शकत नाही. ते शिष्याला स्पर्शातूनच उमगावे लागते. समोरचा मल्ल डाव लागू देण्यास बांधलेला नसतो. उलट तो लागू नये म्हणूनच त्याची धडपड चालते. ह्यामुळे आखाड्यातील प्रत्येक डाव हजारो वेळा फसून मग पक्का झालेला असतो. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबास नवे रूप दिले, तो कुस्तीचाच पूरक व्यायाम होय. त्यात हाताची व मांड्यांची पकड आणि अंगाची चपळाई वाढते. परंतु लाकूड उलट डाव टाकत नाही. म्हणून मल्लखांबाने आखाड्याची जागा कधीच घेतली नाही.

आखाड्याच्या ह्या पद्धतीमागील तत्त्व विसाव्या शतकातील प्रायोगिक मानसशास्त्राने वेगळ्या मार्गाने उजेडात आणले. १९५२ मध्ये ब्रिटिश संशोधक हिक याने असे दाखविले की, संभाव्य पर्यायांची संख्या वाढते तसतसा योग्य प्रतिक्रिया निवडण्यास लागणारा वेळ वाढतो. ही वाढ संख्येच्या प्रमाणात नसून तिच्या लॉगरिथमच्या प्रमाणात असते. ह्या नियमावरून पाहता ज्याला पन्नास डाव येतात तो पाच डाव येणाऱ्यापेक्षा मंद ठरावा. पण वर्षानुवर्षे घडलेला मल्ल मंद नसतो. ह्याचे स्पष्टीकरण १९५९ मध्ये मोब्रे व ऱ्होड्स यांच्या प्रयोगात सापडते. अत्यंत दीर्घ सरावानंतर दोन पर्याय आणि चार पर्याय यांच्या प्रतिक्रियाकाळातील फरक जवळजवळ नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. प्रयोगशाळेतील निष्कर्ष रणांगणावर जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. तथापि त्यावरून दिशा स्पष्ट होते. हातघाईत त्वरा मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, थोडे डाव घेऊन ते अल्पकाळात पक्के करणे. दुसरा, पुष्कळ डाव घेऊन त्यांसाठी सारे तारुण्य वेचणे. पुष्कळ डाव अल्पकाळात शिकविणे हा तिसरा मार्ग मात्र मार्ग नव्हे. तो केवळ भ्रम होय.

१८१८ नंतर मराठी मुलखातील शस्त्रविद्येची परिस्थिती पालटली. सरदारांची पदरची पथके मोडली; १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्याच्या अधीन झाले. दांडपट्टा, फरीगदका, बोथाटी ह्या विद्या नष्ट झाल्या नाहीत; पण त्यांचा शत्रू नाहीसा झाला. मिरवणुकीत आणि उत्सवात त्या ‘मर्दानी खेळ’ म्हणून जिवंत राहिल्या. कोल्हापुरातील तालमींनी हा वारसा निष्ठेने सांभाळला, ह्याबद्दल दुमत नाही. पट्ट्याने जमिनीवर ठेवलेले लिंबू कापणे ह्यात अचूकपणा आहे, धैर्यही आहे. पण लिंबू जागचे हलत नाही.

ह्याच काळात व्यायामाचे सामुदायिक रूप पुढे आले. बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी आखाड्यातील व्यायामास हिंदी हुकुमांच्या सांघिक कवायतीचे स्वरूप दिले. अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पारतंत्र्यात खचलेल्या समाजाला शिस्त व आत्मविश्वास देण्याचे फार मोठे कार्य ह्या चळवळीने केले. शेकडो तरुणांना एका हुकुमासरशी हालचाल करावयास लावावयाची, तर त्यांतून जोडीदार वगळावाच लागतो. तो तिचा दोष नव्हे. तिचा हेतूच निराळा होता. कुस्तीने मात्र आपला प्रतिपक्षी कधी सोडला नाही. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने कोल्हापुरात ती बहरली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. युद्धाशी तिचा संबंध नावापुरताही उरला नव्हता. तरीही युद्धशिक्षणाचा गाभा तिच्यातच शिल्लक राहिला.

पश्चिमेकडील सैन्यांनी पहिला मार्ग, म्हणजे थोड्या डावांचा, निवडला. शांघायच्या पोलीस दलात १९०७ पासून नोकरी केलेल्या फेअरबेर्न ह्या इंग्रज अधिकाऱ्याने जुजुत्सूचा अभ्यास केला होता व दंगेखोर वस्तीतील झटापटींचा दीर्घ अनुभव घेतला होता. १९४० नंतर ब्रिटिश कमांडोंना शिकविताना त्याने मुष्टियुद्धाचे व जुजुत्सूचे बहुतेक नाजूक डाव गाळले. हनुवटीवर तळहाताच्या बुडाचा आघात, हाताच्या कडेचा फटका, गुडघा अशी मोजकीच आयुधे ठेवली. ह्या निवडीमागे शारीरिक कारणही आहे. प्राण संकटात असताना बोटांच्या सूक्ष्म हालचाली बिघडतात. खांदा, कंबर व मांडी यांच्या ढोबळ हालचाली टिकून राहतात. मनगट पिरगाळण्याची नाजूक कला शांत खोलीत साधते. धापा टाकणाऱ्या, चिखलाने माखलेल्या सैनिकास ती साधेलच असे नाही.

मराठा पलटणीच्या इतिहासातील एक प्रसंग ह्या दृष्टीने मननीय आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण मृत वा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले आणि आणखी एकास टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, नवा साठा भरण्यास वेळ नव्हता. तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ह्या कृतीत कोणताही नावाजलेला डाव नाही. अंतर तोडण्याचा तत्काळ निर्णय, हाती असलेल्या वस्तूचे शस्त्रात रूपांतर आणि मोठ्या स्नायूंचा सरळ घाव, एवढेच तिचे घटक आहेत.

आज मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास आहे आणि भारतीय सेनेचे कमांडो शिक्षणही त्याच नगरात दिले जाते. पायदळाच्या पलटणींतील ‘घातक’ तुकड्यांचे जवान तेथे तयार होतात. मराठा रेजिमेंटची २१ वी पलटण १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. तिला ‘वाघनख’ ह्या नावाने ओळखले जाते. प्रतापगडचे शस्त्र आता केवळ नावाने उरले आहे, परंतु त्या शस्त्राचे अंतर उरलेच आहे. अशा निवडक सैनिकास मल्लाचा गुण हवा; मात्र मल्लाची एक सवय त्याला सोडावी लागते. कुस्तीत प्रतिपक्ष्याला चितपट केले की निकाल लागतो, म्हणून मल्ल त्याच्यासह खाली जाण्यास कचरत नाही. रणांगणावर जमिनीवर गुंतलेल्या सैनिकास दुसरा शत्रू टिपू शकतो. तेथे पकड घ्यावयाची ती शस्त्राच्या हातावर, आणि उद्देश अस्मान दाखविण्याचा नसून पुन्हा उभे राहून स्वतःचे शस्त्र मोकळे करण्याचा.

दूरवर मारा करणाऱ्या शस्त्रांच्या युगात हे सारे कालबाह्य झाले आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात २० भारतीय सैनिकांना वीरमरण आले ते बंदुकांच्या लढाईत नव्हे. १९९६ च्या करारामुळे सीमारेषेजवळ गोळीबार वर्ज्य होता. झुंज झाली ती दगड, दंडुके व हात यांनी. त्यापूर्वी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली. गोळ्या लागूनही त्यांनी पकड सोडली नाही, आणि म्हणूनच त्याला जिवंत पकडता आले. ओंबळे यांच्याजवळ लाठीखेरीज काही नव्हते. त्यांचे बलिदान शिक्षणाने घडले असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु ज्यांना उद्या असा प्रसंग येईल त्यांना कशाचे शिक्षण द्यावे, हे मात्र त्यावरून कळते.

हातघाईच्या कोणत्याही अभ्यासक्रमास म्हणून तीन प्रश्न विचारले पाहिजेत. शिष्याचा जोडीदार खरोखर विरोध करतो काय? शिकविलेल्या डावांची संख्या उपलब्ध वेळाच्या मानाने बेताची आहे काय? दमलेल्या, गांगरलेल्या अवस्थेत तो डाव पारखला गेला आहे काय? ह्यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर तो अभ्यासक्रम व्यायाम म्हणून उत्तम असेल, वारसा म्हणून आदरणीय असेल, पण त्याला युद्धशिक्षण म्हणता येणार नाही. नवापूर-तारापूरच्या किनाऱ्यावरील किंवा कोल्हापूरच्या तालमीतील जो तरुण सैन्यात वा पोलिसांत भरती होऊ इच्छितो, त्याला हा भेद आधी सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. कारण प्रदर्शनात डाव चुकला तर टाळी हुकते, हातघाईत चुकला तर माणूस जातो.