पेटीने बदललेले बंदर

बंदर म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर मुंबईची गोदी उभी राहते. पाठीवर गोणी, हातात लोखंडी आकडा आणि घामाने निथळणारा कामगार! हे चित्र पुसले ते धातूच्या एका साध्या पेटीने. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या. ट्रकवरची पेटी न उघडता जहाजावर, तिथून पुन्हा ट्रकवर. जहाजांचे ताटकळणे संपले, आणि गोदीतले हातही रिकामे झाले.

महाराष्ट्रात हे युग रुजवले १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराने. पण त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते. पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्याने मिळवून दिला.

आता अजस्र जहाजांना खोल पाणी हवे. ते नसले, की आपल्या पेट्या कोलंबोला जाऊन जहाज बदलतात. वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून डहाणूजवळ वाढवणला ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बंदराची पायाभरणी झाली. तिथे सुमारे वीस मीटर खोली मिळते. बंदराची गरज मला पटते. पण आपल्या जाळ्यांचे काय होणार, हा तिथल्या मच्छीमारांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. उरणने शिकवले ते एवढेच, वाचकहो: माणसांचा हिशेब आधी, पेट्यांचा नंतर.