चाकोरी, वहिवाट आणि माळरान

'चाकोरी' म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीवर उमटलेली खोलगट वाट. लक्षणेने हा शब्द साचेबद्ध आयुष्यासाठी रूढ झाला आणि 'चाकोरीबाहेर' जाणे प्रशंसेचे ठरले. सोलापूरजवळील नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र त्याचा वाच्यार्थच महत्त्वाचा आहे. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. गवतातून नवी वाट पाडणाऱ्या सायकलस्वाराला ते दिसेलच असे नाही, आणि एकदा उमटलेला माग दुसऱ्या चाकाला बोलावतो.

१९७९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र आरंभी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. पुढे ते सुमारे १,२०० पर्यंत घटवण्यात आले. वाटांचा प्रश्न उरलाच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २७ प्रवेशावर निर्बंध घालते. मात्र सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्यास आणि आतील स्थावर मालमत्तेवर हक्क असणाऱ्यास त्यातून वगळते. 'वहिवाट' या शब्दात वापर आणि हक्क हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. शेतकऱ्याच्या पाणंदीस वहिवाट आहे. हौशी सायकलस्वाराच्या वाटेस ती नाही. म्हणून सायकल न्यायचीच तर ती परवानगीने, जुन्या गाडीवाटेनेच न्यावी; पावसाळ्यातील विणीच्या काळात तर मुळीच नेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. समोरून मेंढ्यांचा कळप आल्यास सायकलस्वाराने उतरून थांबावे. घंटीने बिथरलेल्या मेंढ्या वाट सोडून त्याच गवतात शिरतात.