घोडा हट्टी नसतो, घाबरलेला असतो

जालना शहर असो की अंबड-भोकरदनकडचे एखादे गाव, लग्नसराईत वरातीचे दृश्य सारखेच असते. पुढे डीजे, मागे फटाके, भोवती नाचणारी पोरे. नवरदेव चढू लागला की घोडा गोल फिरतो, मान झटकतो, माणसांच्या अंगावर येतो. मग लगामाला हिसका बसतो, कधी चाबूकही. ‘घोडा लई हट्टी आहे’ असे म्हणून विषय संपतो.

प्रत्यक्षात या घोड्याला पाठीवर बसण्याआधीचे साधे धडे मिळालेले नसतात. एका जागी शांत उभे राहणे, सैल दोरीने सोबत चालणे, सांगताच मागे सरणे आणि न लाथाडता पाय उचलू देणे, हे ते धडे. शेकडो किलो वजनाच्या जनावरासोबत काम करणाऱ्याची हाडे त्यावरच शाबूत राहतात.

पळणे हाच बचाव

घोडा शिकारी प्राण्यांचे भक्ष्य. धोका दिसला की पळायचे, पळता आले नाही तर लाथ मारायची, हा त्याचा स्वभाव. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांतले दिसते. मात्र थेट मागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक हात लावला की लाथ बसते.

दोरी सैल करणे हेच बक्षीस

अमेरिकेत टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी गेल्या शतकात घोड्याच्या कलाने शिकवण्याची पद्धत रुजवली. म्होरकीच्या दोरीला हलका ताण द्यायचा आणि घोड्याने एक पाऊल टाकताच, त्याच क्षणी ती सैल सोडायची. ताण सुटला, म्हणजे आपण केले ते बरोबर, एवढे घोड्याला कळते. तो मागे ओढत असताना दोरी सोडली, तर ओढायचे असते हेच तो शिकतो. चुकीच्या वेळी मारलेल्या चाबकाने फक्त माणसाची भीती बसते.

या पद्धतीचे अनेक समर्थक सांगतात, की घोडा माणसाला कळपाचा म्होरक्या मानतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरून पाहिली. घोडे त्या गाडीमागेही चालू लागले. म्हणजे खरी जादू म्होरकेपणाची नसून अचूक वेळेची आहे.

आवाजाची सवय

जालना जिल्ह्यातच असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज-मराठा लढाई झाली, तेव्हा हजारो घोडे तोफांच्या गडगडाटात उभे होते. असा धीर कुठलाही घोडा जन्मतः घेऊन येत नाही. वरातीच्या घोड्याला सुरुवातीला ढोल दुरून, हळू आवाजात ऐकवावा. मान खाली आली, कान सैल पडले की आवाज थांबवावा. मगच थोडे जवळ यावे. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. उभ्या जागी ती बरीच वाढली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागला किंवा नाकपुड्या फुगल्या, तर त्या दिवशीचा धडा तिथेच थांबवावा.

लक्षात ठेवा

– घोड्याकडे बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. दोरी हाताला गुंडाळू नये. लहान मुलांना मागे उभे करू नये.

– शांत घोडा अचानक चावू लागला, तंग आवळताना चिडला, तर आधी दुखणे शोधावे. पाठीवरची जखम, दात, खूर किंवा पोट यांपैकी काहीही कारण असू शकते. पशुवैद्यकाला दाखवावे.

– चावा किंवा लाथेने जखम झाल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. धनुर्वात आणि रेबीजच्या लसीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरतो. मात्र लग्नाच्या दिवशी, डीजेसमोर घोडा शिकत नाही. धडे त्याआधी, घरच्या अंगणातच व्हायला हवेत.